नवा साप हातात केव्हा घ्यावा?

साप घरी आणणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न खोके उघडण्यापूर्वीच तयार असतो: याला हातात केव्हा घेता येईल? थोडक्यात उत्तर असे, की पहिले किमान सात दिवस सापाला अजिबात हात लावू नये. त्यानंतर त्याला खायला द्यावे. आणि त्याने लागोपाठ दोन, शक्यतो तीन वेळा विनातक्रार खाल्ले व ते नीट पचवले, की मगच हाताळणीला सुरुवात करावी. आठवड्याला एकदा खाणाऱ्या पिल्लाच्या बाबतीत हा काळ साधारण अडीच ते साडेतीन आठवड्यांचा होतो. दहा-चौदा दिवसांनी खाणाऱ्या प्रौढ सापाला त्याहून अधिक वेळ लागतो. ज्या प्राण्याबरोबर पुढची पंधरा-वीस वर्षे काढायची आहेत, त्याच्यासाठी ही प्रतीक्षा फारशी मोठी नाही. मात्र पेटी समोर असताना ती लांबलचक वाटते, हेही खरे.

हा लेख कॉर्न स्नेक, किंगस्नेक, मिल्क स्नेक, बॉल पायथन अशा बिनविषारी आणि बंदिस्त अवस्थेतच जन्मलेल्या सापांपुरता आहे. रानातून धरलेला साप पाळू नये, विषारी सापांची हाताळणी हा नवख्याचा विषयच नाही, आणि आपण राहतो तेथील कायद्यानुसार कोणती जात पाळता येते याची खात्री साप आणण्यापूर्वी करून घ्यावी लागते.

थांबायचे कशासाठी

कुत्र्याचे पिल्लू नव्या घरात आले की माणसाच्या जवळ येऊन धीर शोधते. सापाचे तसे नसते. त्याच्या लेखी माणूस म्हणजे आपल्यापेक्षा कितीतरी मोठा, उष्ण शरीराचा आणि बहुधा वरून येणारा प्राणी, आणि सापाला वरून उचलणारा प्राणी निसर्गात त्याला खाण्यासाठीच उचलत असतो. त्यात प्रवासाची हादराहादर, नवा वास, नवे तापमान आणि ओळखीच्या लपणाचा अभाव यांची भर पडते. साप आपली भीती ओरडून सांगत नाही. तो गप्प बसतो, आणि हा गप्पपणा नवख्याला शांतपणा वाटतो. पहिल्याच दिवशी हातात घेतलेला साप निमूटपणे बसून राहिला म्हणून ‘हा तर जन्मजात गरीब आहे’ असे समजणारे पुष्कळ असतात. तो बहुतेक वेळा भीतीने गोठलेला असतो.

या भीतीचा पहिला परिणाम भुकेवर होतो. घाबरलेला साप खात नाही, आणि खाल्ले असले तर ते ओकून टाकण्याची शक्यता असते. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. माझा पहिला कॉर्न स्नेक घरी आल्यानंतर चौथ्याच दिवशी त्याने उंदराचे पिल्लू गिळले. मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी मी त्याला बाहेर काढून घरच्यांना दाखवले. रात्री पेटीच्या कोपऱ्यात अर्धवट पचलेले, कुजकट वासाचे भक्ष्य पडलेले होते आणि साप पाण्याच्या भांड्यामागे शरीर आखडून बसला होता. ओकारी ही सापाच्या दृष्टीने किरकोळ बाब नव्हे. त्याच्या जठरातील आम्लाने अन्ननलिका दुखावते, शरीरातील पाणी कमी होते, आणि त्यानंतर किमान दहा ते चौदा दिवस काहीही न देता, पुढचे भक्ष्य नेहमीच्या निम्म्या आकाराचे द्यावे लागते. माझ्या एका संध्याकाळच्या हौसेपायी हाताळणी दीड महिना पुढे गेली.

म्हणून दिवस मोजण्यापेक्षा जेवणे मोजावीत, असे मी सांगतो. सात दिवस हा किमान आकडा झाला. साप या जागेला सरावला की नाही, हे त्याच्या खाण्यावरून कळते.

साप येण्यापूर्वी

पेटी साप येण्याच्या किमान दोन दिवस आधी चालू करून तापमान तपासावे. साप आल्यानंतर दिवे हलवणे आणि तारा जोडणे म्हणजे त्याच्या पहिल्या आठवड्यात रोज ढवळाढवळ करणे होय. पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी थंड असावी, कारण साप आपले तापमान जागा बदलून राखतो. कॉर्न स्नेकसाठी उबदार बाजूला 28 ते 30 अंश सेल्सिअस आणि थंड बाजूला 22 ते 25 अंश पुरतात. बॉल पायथनला उबदार बाजूला 31 ते 33 अंश आणि थंड बाजूला 25 ते 27 अंश, शिवाय 60 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. उष्णता देणारे प्रत्येक उपकरण थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमान ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्राला, जोडलेले असलेच पाहिजे. हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) थेट चालू ठेवल्यास सापाचे पोट भाजते.

लपण्याच्या जागा दोन हव्यात, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला. एकच लपण ठेवले तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यांपैकी एकाची निवड करावी लागते, आणि तो सुरक्षितता निवडून थंडीत बसून राहतो. मग अन्न पचत नाही. लपण्याची जागा ऐसपैस नको. साप वेटोळे घालून बसला की त्याच्या अंगाला भिंती आणि छत टेकले पाहिजे. झाकणाला कुलूप किंवा पक्की खिटी असावी, कारण जिथे सापाचे डोके शिरते तिथून बहुधा सगळा साप निघतो.

पहिला आठवडा

सापाला ज्या खोक्यातून किंवा पिशवीतून आणले असेल, ते पेटीत ठेवून उघडावे आणि त्याला आपापले बाहेर येऊ द्यावे. त्यानंतर सात दिवस फक्त तीन कामे करायची: पाणी बदलणे, विष्ठा दिसल्यास उचलणे आणि तापमान पाहणे. ही कामेही शक्यतो साप लपलेला असताना करावीत. लपणाचे झाकण उचलून ‘आहे ना आत?’ हे पाहण्याचा मोह टाळावा. पेटीच्या काचांपैकी तीन बाजू आणि लागल्यास समोरचाही काही भाग कागदाने झाकला, तर साप लवकर स्थिरावतो. काचेवर बोटाने टकटक करू नये. हवेतले आवाज सापाला आपल्याइतके ऐकू येत नसले, तरी जबड्याच्या हाडांवाटे येणारी कंपने त्याला फार चांगली कळतात.

पहिल्या दोन-तीन रात्री साप काचेवर नाक घासत पेटीभर फिरत राहील किंवा लपणातून बाहेरच येणार नाही. दोन्ही स्वाभाविक आहे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून तो दिवसा लपणात, संध्याकाळनंतर बाहेर, कधी उबदार तर कधी थंड बाजूला, असा दिसू लागला की त्याला पेटीचा नकाशा कळला असे समजावे.

घरात आधीपासून दुसरा साप असल्यास नव्या सापाला वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह किमान 30 दिवस आणि शक्यतो 90 दिवस ठेवावे, आणि रोजची कामे जुन्या सापापासून सुरू करून नव्याकडे जावे.

पहिले खाणे

आधीच्या मालकाकडून साप काय खात होता, किती आकाराचे, किती दिवसांनी, जिवंत की गोठवून वितळवलेले, ही माहिती लिहूनच घ्यावी. ‘सगळे खातो’ हे उत्तर पुरेसे नाही. सातव्या-आठव्या दिवशी, सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढ्या किंवा त्याहून किंचित लहान जाडीचे भक्ष्य द्यावे. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, गरम पाण्यात पिशवीसह ठेवून शरीराच्या तापमानाइतका कोमट करावा आणि लांब चिमट्याने धरून द्यावा. हाताने कधीही देऊ नये. उष्णता ओळखणाऱ्या सापाला, विशेषतः ओठांवर उष्णताग्राही खळगे असलेल्या बॉल पायथनला, चिमट्यातला कोमट उंदीर आणि कोमट बोट यांत फरक करण्याचे काही कारण नसते.

खाण्यासाठी सापाला दुसऱ्या डब्यात हलवावे, म्हणजे तो पेटीत हात घातल्यावर चावत नाही, असे पुष्कळदा सांगितले जाते. मला हे पटत नाही. नवख्या सापाला उचलून अनोळखी डब्यात टाकले तर तो खात नाही. खाल्लेच तर भरल्या पोटी, शिकारीच्या आवेशात असताना त्याला पुन्हा उचलावे लागते. पेटीतच द्यावे आणि दिवा मालवून बाजूला व्हावे.

खाल्ल्यानंतर 48 तास हात लावायचा नाही. भक्ष्य मोठे असेल, किंवा पोटावरचा फुगवटा अजून दिसत असेल, तर 72 तास. या काळात अजगराच्या पोटात जे चालते ते मोठे थक्क करणारे असते: आतडे, यकृत आणि हृदयसुद्धा आकाराने वाढतात, चयापचयाचा वेग कित्येक पटींनी चढतो, आणि सगळे शरीर पचनाच्या कामाला लागते. अशा वेळी पळायची किंवा लपायची गरज भासली, तर साप पोटातले ओझे बाहेर टाकून मोकळा होतो.

उचलण्याआधी हाताची ओळख

पहिले आणि दुसरे खाणे यांच्या मधल्या दिवसांत सापाला न उचलता माणसाच्या वासाची सवय लावता येते. एक-दोन दिवस अंगावर वापरलेला, अत्तर न लागलेला सुती कापडाचा तुकडा पेटीच्या थंड बाजूला ठेवावा. साप त्यावरून जीभ लपलपवत जातो. जिभेच्या टोकांवर आलेले वासाचे कण टाळूतल्या जेकबसन अवयवापर्यंत पोहोचतात आणि त्याची आपल्याशी पहिली ओळख तिथेच होते. नंतर दिवसातून एकदा हात पेटीत एका बाजूला दोन-तीन मिनिटे स्थिर ठेवावा. साप जवळ आला तर येऊ द्यावा, नाही आला तर हात काढून घ्यावा. एवढेच.

पहिल्यांदा उचलताना

दुसरे-तिसरे जेवण होऊन 48 तास उलटून गेले आहेत, कात टाकण्याची चिन्हे नाहीत आणि साप जागा आहे, अशी संध्याकाळ निवडावी. हात बिनवासाच्या साबणाने धुवावेत. त्या दिवशी उंदीर, पक्षी किंवा अन्य पाळीव प्राणी हाताळले असतील तर दोनदा. खोलीचे दार बंद, पंखा बंद, कुत्रे-मांजर बाहेर. अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवावे.

आता पेटी उघडल्यावर हात लगेच आत घालू नये. आकडीने (साप हाताळण्याच्या, टोकाला वळलेल्या काठीने), किंवा आकडी नसल्यास गुंडाळलेल्या कागदाच्या नळीने, सापाच्या शरीराच्या मधल्या भागाला हळुवार स्पर्श करावा. पेटी उघडली म्हणजे खाणे आले, अशी सापाची समजूत होत असते. या स्पर्शाने ती दूर होते, आणि दर वेळी असे केल्यास महिनाभरात साप ही खूण ओळखू लागतो. त्याने डोके आकडीकडे वळवून जीभ काढली आणि अंग सैल ठेवले, तर पुढे जावे.

हात वरून न नेता बाजूने, पेटीच्या जमिनीलगत न्यावा. साप लपणात असेल तर त्याला तिथून ओढून काढू नये. लपण ही त्याची हक्काची जागा राहू द्यावी. पहिला हात शरीराच्या मधल्या एक-तृतीयांश भागाखाली सरकवावा, दुसरा शेपटीकडच्या बाजूने आधाराला द्यावा, आणि ठरवल्यावर न कचरता, एकाच संथ हालचालीत उचलावे. हात पुढे नेऊन मागे घेणे, पुन्हा पुढे नेणे, हे सापाला सर्वांत जास्त बिथरवते. डोके आणि मान धरू नये. मान धरणे ही त्याच्या दृष्टीने शिकारच होय. शेपटीने लोंबकळवल्यास मणक्याला इजा होते.

उचलल्यानंतर पहिले काही क्षण साप बोटांना घट्ट विळखा घालतो. पोटाचे रुंद खवले एकामागून एक तळव्यावर टेकत जाताना जाणवतात, आणि जीभ झरझर आत-बाहेर होत असते. हळूहळू विळखा सैल होतो, जिभेची लय संथ होते आणि डोके पुढच्या बोटाचा अदमास घेऊ लागते. त्याला अडवू नये. तो पुढे सरकेल तसा मागचा हात पुढे आणावा, म्हणजे साप चालतच राहतो आणि आपण त्याच्यासाठी फांद्या बनतो. कॉर्न स्नेकचे पिल्लू या वेळी पाऱ्यासारखे निसटते, म्हणून बसून आणि पेटीच्या वरच हाताळावे. उंचावरून पडणे त्याला महागात पडते. बॉल पायथन नेमके उलट करतो. तो चेंडूसारखा गोळा होऊन डोके आत लपवतो. तसे झाले तर त्याला उलगडायचा प्रयत्न न करता ओंजळीत स्थिर धरून ठेवावे. साप चेहऱ्याजवळ नेऊ नये.

पहिली खेप पाच मिनिटांची पुरे. दहा मिनिटांपलीकडे तर नकोच. आणि तो शांत असतानाच परत ठेवावा, कारण धडपड केली की सुटका होते हे साप फार लवकर शिकतो. शेपटी थरथरवणे, फुत्कार, मान इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी मागे खेचून धरणे, किंवा दुर्गंधीयुक्त स्राव सोडणे यांपैकी काही पेटीतच दिसले, तर त्या दिवशी उचलू नये. हातात असताना दिसले, तर हात स्थिर ठेवून त्याला थोडे शांत होऊ द्यावे आणि मग परत सोडावे.

पुढचे आठवडे

हाताळणीच्या पहिल्या दोन आठवड्यांत एक दिवसाआड नव्हे, तर आठवड्यातून दोनदाच, पाच ते दहा मिनिटे हाताळावे. त्यानंतर खाण्यात खंड पडला नाही तर वेळ पंधरा-वीस मिनिटांपर्यंत वाढवावी आणि आठवड्यातून तीन-चार खेपांवर थांबावे. हाताळणी सुरू झाल्यावर सापाने खाणे सोडले, तर ती बंद करून पुन्हा खाण्यापासून सुरुवात करायची. पाहुण्यांच्या हातात साप देण्याची घाई पहिले दोन-तीन महिने तरी करू नये. साप माणसावर माया करतो की नाही, या वादात मी पडत नाही. तो माणसाला सरावतो, एवढे नक्की, आणि ते सरावणे नियमितपणावर अवलंबून असते.

एक वही ठेवावी. तारीख, काय खाल्ले, विष्ठा केव्हा, कात केव्हा, केव्हा हाताळला आणि वजन किती. तीन महिन्यांनी ही वही सापाबद्दल आपल्या आठवणीपेक्षा अधिक खरे सांगते.

हात लावू नये असे दिवस

कात टाकण्यापूर्वी सापाचा रंग फिका पडतो, पोट गुलाबीसर होते आणि डोळे निळसर धुरकट दिसू लागतात. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर बदलतो, त्यामुळे या काळात त्याला नीट दिसत नाही आणि तो एरवीपेक्षा लवकर दचकतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि इथेच नवखे फसतात, कारण प्रत्यक्ष कात त्यानंतर चार-सात दिवसांनी पडते. पूर्ण कात पडेपर्यंत थांबावे आणि डोळ्यांवरचे खवले कातीत आले आहेत ना, हे पाहावे.

नाकातोंडातून बुडबुडे, श्वासाचा घरघर आवाज, तोंड उघडे ठेवून बसणे, किंवा अंगावर आणि पाण्याच्या भांड्यात मोहरीहून बारीक काळे किडे दिसले, तर हाताळणीचा विषय बाजूला ठेवून सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडे जावे.

चावला तर

लहान बिनविषारी सापाचा चावा बहुधा ओरखड्यांपलीकडे जात नाही. बचावासाठी चावलेला साप लगेच सोडतो. भक्ष्य समजून चावलेला साप मात्र धरून ठेवतो आणि विळखा घालतो. अशा वेळी हात ओढू नये, कारण त्याचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात; ओढल्याने आपली कातडी फाटते आणि दात मोडून जखमेत राहतात. गार पाण्याच्या धारेखाली धरल्यास तो बहुधा सोडतो. जखम साबणाने धुवावी, आणि सूज किंवा लाली वाढल्यास डॉक्टरांना दाखवावी.

चावा असो वा नसो, प्रत्येक हाताळणीनंतर हात साबणाने धुणे सक्तीचे आहे, कारण निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतून आणि कातडीवरूनही साल्मोनेला जिवाणू पसरतो. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्ती यांनी सापाला हात लावू नये.

आणि तो खातच नसेल तर

बॉल पायथनच्या मालकांना हा प्रसंग हमखास येतो. नव्या जागेत आलेला प्रौढ बॉल पायथन कित्येक आठवडे खात नाही. जेवणे मोजायची म्हटले, तर मग हाताळणी कधीच सुरू होणार नाही का? इथे माझा सल्ला असा: पहिले पाच-सहा आठवडे नियम कडकपणे पाळावा, दर दहा-बारा दिवसांनीच भक्ष्य द्यावे, नाकारलेले दुसऱ्या दिवशी टाकून द्यावे आणि रोज नवे समोर धरू नये. दरम्यान तापमान, आर्द्रता आणि लपणांचा आकार पुन्हा तपासावा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. दर दोन आठवड्यांनी सापाला झाकणाच्या डब्यात घेऊन वजन करावे. यासाठी उचलणे एका मिनिटात संपते आणि ते चालते. वजन स्थिर असेल, साप रात्री फिरत असेल आणि आकडीचा स्पर्श शांतपणे स्वीकारत असेल, तर सहा आठवड्यांनंतर आठवड्यातून एकदा पाच मिनिटे हाताळून पाहायला हरकत नाही. वजन सुरुवातीच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून अधिक घटले, किंवा न खाणारा साप लहान पिल्लू असेल, तर मात्र वाट न पाहता पशुवैद्यांना दाखवावे, आणि जाताना वही बरोबर न्यावी.